बोट ओढायची, तर डिझेल की पेट्रोल?

कोलोरॅडोत डेनव्हरहून पश्चिमेकडे बोट घेऊन निघालेल्या पिकअप ट्रकची खरी परीक्षा आय-७० महामार्गाच्या चढावर होते. तिथला आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ३० टक्के घटते. आजच्या डिझेल ट्रकना टर्बो असतोच. शिवाय इंजिन कमी वेगात फिरतानाही भरपूर जोर मिळतो. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक गाडी आवरतो, त्यामुळे चाकांचे ब्रेक कमी तापतात. घाटात हे सुख मोठे आहे.

तरीही सरसकट डिझेल घेणे चूकच.

२० फुटी फायबरची बोट ट्रेलरसकट साधारण २ टन भरते. फोर्ड एफ-१५० चे ३.५ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन ती सहज ओढते. डिझेल ट्रक हजारो डॉलरनी महाग, अमेरिकेत इंधनही बहुधा महागच. रोजच्या छोट्या फेऱ्यांत धुराची गाळणी काजळीने तुंबते, ते वेगळेच. ५-६ टनांची बोट वारंवार लांब न्यायची असेल, तर मात्र डिझेलच घ्यावे.

पाण्यालगतच्या ओल्या उतारावर इंधनापेक्षा टायरची पकड आणि फोर-व्हील ड्राइव्ह महत्त्वाचे. खरेदीआधी दाराच्या चौकटीवरचा भारमर्यादेचा स्टिकर वाचावा: माणसे, सामान आणि हुकावर येणारा ट्रेलरचा भार, सारे त्यातच बसवायचे असते.