केबल खोचल्यानंतरची काही सेकंदं

बॅकअपसाठी आणलेला नॅस बॉक्स (नेटवर्कवरून वापरायची डिस्कांची पेटी) ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा, म्हणजे दिसायला काम एवढंसंच. केबलचं टोक स्विचच्या पोर्टात खोचायचं, टक् असा आवाज होतो, हिरवा दिवा लुकलुकू लागतो. त्या लुकलुकण्यामागे काय चाललेलं असतं हे कळल्यापासून मला तो दिवा पाहून दर वेळी नवल वाटतं.

आधी ती केबलच पाहा. आत आठ तारा, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. जोडीतल्या दोन तारांवरून एकच संकेत परस्परांच्या उलट रूपात जातो. बाहेरच्या विजेचा गोंगाट मात्र पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखा चढतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं, म्हणून गोंगाट आपसूक वजा होतो!

मग ओळखपाळख. नव्या बॉक्सला इथलं कुणी माहीत नसतं, स्वतःचा पत्ताही नसतो. असतो तो कारखान्यातून मिळालेला 48 बिटांचा मॅक क्रमांक. असे सुमारे 281 लाख कोटी क्रमांक होऊ शकतात. तो बॉक्स सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो, ‘मला पत्ता देणारं कुणी आहे का?’ राउटर म्हणतो, ‘हा घे.’ बॉक्स म्हणतो, ‘हाच हवा.’ राउटर म्हणतो, ‘दिला, अमुक मुदतीपुरता.’ चार निरोप, आणि परका यंत्रबाबा नेटवर्कमधला होऊन जातो. (बॅकअपच्या बॉक्सला मात्र राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवा, तो बदलला तर बाकीचे संगणक त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत बसतात.)

1973 मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. पहिल्या इथरनेटचा वेग होता सेकंदाला 2.94 मेगाबिट. आज ऑफिसातली साधी जोडणी 1000 मेगाबिटची असते. तरीही एक टेराबाइट माहिती जायला सुमारे अडीच तास लागतात, आणि ती जाते जेमतेम 1500 बाइटांच्या पाकिटांतून. अशी 65 कोटींहून जास्त पाकिटं! प्रत्येकावर पडताळणीचा आकडा असतो. बिघडलेलं पाकीट टाकून देतात आणि पुन्हा मागवतात.

सगळ्यात सुंदर गोष्ट बॉक्सच्या आत आहे. समजा तीन डिस्क आहेत. पहिलीवर 1, दुसरीवर 0, तर तिसरीवर 1 लिहायचा, म्हणजे तिन्ही मिळून एकांची संख्या सम राहते. आता यातली कोणतीही एक डिस्क मेली, तरी उरलेल्या दोघींकडे पाहून गेलेला अंक सांगता येतो. शाळेतल्या सम-विषमाच्या बळावर आख्खी डिस्क पुन्हा उभी राहते. 1987 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अशा रचनांना ‘रेड’ हे नाव दिलं.

पण हे गणित फक्त मेलेल्या डिस्कपासून वाचवतं. कुणी चुकून फाइल पुसली, किंवा खंडणीखोर व्हायरसनं ती कुलूपबंद केली, तर तो बदलही सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे उतरतो. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवा. आणि या आठवड्यात एखादी जुनी फाइल बॅकअपमधून खरोखर परत काढून, उघडून पाहा.