गोंगजिनमधला मजुरीचा हिशेब
कोरियन मालिका समजून घेताना : भाग ७

कॉफी पिऊन झालेली असते. पैसे द्यायला बाई पर्समधून कार्ड काढते, पण यंत्र कार्ड घेत नाही. गावाचं सगळं नेटवर्क ठप्प झालेलं. मोबाइल मुका, एटीएम बंद, खिशात रोकड नाही. बाई सोलची दंतवैद्य, अंगावर भारी कपडे. तिच्यासमोर उभा असलेला गावातला एक तरुण सरळ सांगतो, पैसे नसतील तर कमवायचे. आणि तो तिला नेऊन बसवतो माकूल साफ करायच्या कामाला. पोट चिरायचं, आतली घाण आणि शाईची पिशवी ओढून काढायची, धुवायचं, बाजूच्या ढिगात टाकायचं, पुन्हा पुढचं हातात घ्यायचं. गावातल्या म्हाताऱ्यांची बोटं सुरीसारखी चालतात आणि या बाईला एकेक माकूल जड जातं. अखेर तासांवर हिशेब होऊन रोख पैसे तिच्या हातात पडतात.

'होमटाउन चा-चा-चा'च्या पहिल्याच भागातला हा प्रसंग. मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी याला हसून पुढे गेले होते. दुसऱ्यांदा पाहताना कळलं, पुढच्या पंधरा भागांचं बी इथंच पेरलंय. कोणी कोणासाठी किती राबलं, त्याचं मोल काय आणि ते कसं फेडायचं, याचाच हा सगळा शोध आहे. प्रेमकथा त्यातूनच उगवते.

मागच्या भागात आपण 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' पाहिली. ती जिथं चित्रित झाली ते कुर्योंगपो बंदर पोहांग शहराच्या हद्दीतलं. आजची मालिकाही पोहांगमध्येच चित्रित झाली. २८ ऑगस्ट २०२१ ते १७ ऑक्टोबर २०२१, दर शनिवार-रविवारी रात्री ती टीव्हीएन वाहिनीवर लागायची आणि त्याच वेळी नेटफ्लिक्सवर जगभर दिसायची. भाग सोळा. लेखिका एकच, शिन हा-उन. दिग्दर्शक यू जे-वॉन. दंतवैद्य यून हे-जिनच्या भूमिकेत शिन मिन-आ आणि त्या तरुणाच्या, हाँग दू-शिकच्या भूमिकेत किम सन-हो. गोंगजिन हे गाव मात्र नकाशावर शोधू नका, ते कल्पनेतलं आहे. मूळ कोरियन नावातला पहिला शब्द 'खाडीकाठचं गाव' असा अर्थ सांगतो, आणि चा-चा-चा हा जोडीनं करायचा नाच. एक पाऊल पुढं, एक मागं. या दोघांचं सोळा भाग तेच चालतं.

ही गोष्ट तशी जुनी आहे. २००४ साली याच कथेवर कोरियात एक चित्रपट आला होता. त्याचं कोरियन नाव भलतंच लांबलचक, पण सुंदर. मराठीत सांगायचं तर 'कुठंतरी कुणालातरी काहीतरी झालं की हमखास हजर होणारा हाँग बानजांग'. या 'बानजांग' शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजी उपशीर्षकात त्याचं 'चीफ हाँग' होतं आणि सगळी गंमत निघून जाते. कोरियात शहराच्या प्रशासनाची उतरंड अशी: दोंग, त्याखाली थोंग, त्याखाली बान. बान म्हणजे मोजक्या घरांचा गट, आपल्या भाषेत एक गल्ली. तिचा प्रमुख तो बानजांग. शाळेतल्या वर्गाच्या मॉनिटरलाही हाच शब्द. म्हणजे दू-शिकचा हुद्दा फार मोठा नाही, तो गल्लीचा मॉनिटर आहे. त्याच्यावरची थोंगजांग म्हणजे गावात खानावळ चालवणारी ह्वा-जंग आणि त्याहून वरचा दोंगजांग म्हणजे तिचाच घटस्फोटित नवरा. गावाच्या सभेत दोघांना दरवेळी समोरासमोर बसावं लागतं! या गल्लीसभेला 'बानसांगह्वे' म्हणतात. १९७६ मध्ये सरकारनं ती देशभर महिन्यातून एकदा घ्यायला लावली. त्या काळात ती वरचा हुकूम खाली पोहोचवायची सोय होती. पुढं शहरांत ती ओसरली. मालिकेत मात्र ती गावाचा कट्टा होऊन बसलीय. भिशीची बैठक, गणपती मंडळाची वर्गणीसभा आणि नळाच्या पाण्यावरून होणारं भांडण एकत्र केलं, तर आपल्या माणसाला तिची कल्पना येईल.

उपशीर्षकात आणखी एक गोष्ट हरवते. कोरियन भाषेत समोरच्याचं वय आणि मान पाहून क्रियापद बदलतं, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'पेक्षा जास्त पायऱ्यांनी. दू-शिक मात्र सगळ्यांशी एकेरीत बोलतो. ऐंशीच्या आजीशी, दोंगजांगशी, आणि ओळख नसलेल्या डॉक्टरीणबाईंशीही. हे-जिनचा पहिला संताप तिथलाच. मराठी प्रेक्षकाला वाटतं, ही बाई एवढी का चिडली? कारण खाली लिहून आलेल्या इंग्रजीत सगळेच 'यू' असतात. पण आमच्या इचलकरंजीतल्या माणसाला हे लगेच उमगेल. आपण आईला, आजीला 'तू' म्हणतो, बँकेतल्या साहेबाला 'तुम्ही'. घरातल्याला एकेरी, परक्याला आदरार्थी. दू-शिक गावाला घर समजून बोलतो. हे-जिन गावात पाहुणी आहे आणि पाहुणीच राहायची तिची इच्छा आहे.

ती गोंगजिनला आली कशी? सोलच्या दवाखान्यात गरज नसलेले उपचार रुग्णांच्या गळ्यात मारायला लावतात, म्हणून भांडून नोकरी सोडली. दारूच्या नशेत ते सगळं जाहीर लिहून टाकलं आणि मग कोणी नोकरीवर घेईना. तत्त्वाची बाई आहे, पण पैशाचीही आहे, आणि मालिका तिला यासाठी दोष देत नाही. हे मला फार आवडलं. स्वतःच्या जिवावर उभी राहिलेली मुलगी पैसा मोजूनच खर्च करते. हिशेब ही तिची सवय नाही, तिची भिंत आहे. कोणाचं काही देणं ठेवायचं नाही, म्हणजे कोणी आपल्यावर हक्क सांगणार नाही.

दू-शिकचा हिशेब याच्या नेमका उलटा. नळ दुरुस्ती, घर दाखवणं, कॉफी करणं, मासळीची ने-आण, कोणतंही काम सांगा, तो येतो. आणि प्रत्येक कामाचे तासाला किमान वेतनाइतकेच पैसे घेतो. २०२१ साली कोरियात ते तासाला ८,७२० वॉन होतं. संपूर्ण देशाला, सगळ्या धंद्यांना एकच दर, दरवर्षी नव्यानं ठरणारा. आपल्याकडे असं नाही. महाराष्ट्रात धंदा वेगळा की किमान वेतन वेगळं, परिमंडळ वेगळं की पुन्हा वेगळं. आणि इचलकरंजीत तर कापडाची मजुरी घड्याळ बघून ठरतच नाही. ती मीटरवर ठरते आणि पिकावर. पीक म्हणजे एका इंचात बसणारे आडवे धागे. व्यापाऱ्यानं सूत द्यायचं, खर्चीवाल्यानं आपल्या मागावर विणून द्यायचं आणि पैशापैशावरून दरवेळी बोलणी करायची. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथल्या चार पिढ्यांनी श्रम मोजायची हीच पट्टी पाहिलीय. म्हणून मला दू-शिकचं ते तासाचं गणित नवलाचं वाटलं. सोलच्या नामांकित विद्यापीठात शिकलेला, हातात कसब असलेला माणूस किमान वेतनच का मागतो? जास्त का नाही, फुकट का नाही?

उत्तर मालिका फार उशिरा देते. तिथं जाण्याआधी गाम-री आजीला भेटायला हवं.

गाम-रीचं काम किम यंग-ओक या अभिनेत्रीनं केलंय. जन्म १९३७ चा, म्हणजे मालिकेच्या वेळी त्या ८३ वर्षांच्या होत्या. आजीचे दात गेलेत, दुखतात, माकूल चावता येत नाही, पण इम्प्लांटचा खर्च ऐकून ती तोंड मिटते. मुलाला त्रास कशाला. हे-जिनला आधी राग येतो, नंतर आपल्या लवकर गेलेल्या आईची आठवण येते, आणि अखेर आपला दर बाजूला ठेवून ती आजीचे दात बसवायला तयार होते. हिशेबाच्या भिंतीतली पहिली वीट इथं निखळते. कोरियात २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्यात वृद्धांच्या इम्प्लांटचा समावेश झाला. आधी ७५ वर्षांपुढच्यांना, २०१६ पासून ६५ पुढच्यांना. आयुष्यात दोन दात, आणि २०१८ पासून रुग्णानं भरायचा वाटा ३० टक्के. म्हणजे दोनाच्या पुढचे दात पदरच्या पैशानं. आपल्याकडच्या आज्या निमूट कवळीवर भागवतात किंवा भाकरी दुधात कुस्करून खातात. गाम-रीची घालमेल कळायला आपल्याला कोरियन यायची गरज नाही.

मध्ये एक टीव्ही निर्माता येतो, हे-जिनचा कॉलेजमधला मित्र. प्रेमाचा तिसरा कोन. माणूस चांगला आहे, पण ते कथानक नसतं तरी चाललं असतं, तीन-चार भाग त्यात वाया जातात. त्यापेक्षा चिनी खाणावळीच्या नाम-सुककडे लक्ष द्या. गावभर चुगल्या करणारी ही बाई पहिल्या काही भागांत नकोशी होते. मग कळतं की तिची लेक आजारपणात गेलीय. रिकाम्या घरात जायला नको म्हणून ती दुसऱ्यांच्या घरात डोकावत असते.

चित्रीकरण झालं ते पोहांगच्या छंगहा भागातल्या बाजारात. मालिका गाजली आणि लोकांचे लोंढे लागले. बाजाराला त्याचा फायदा झाला. पण हे-जिनचं, दू-शिकचं आणि गाम-रीचं म्हणून दाखवलेली घरं खऱ्या लोकांची होती. शेवटी निर्मात्यांना प्रेक्षकांना विनंती करावी लागली की त्या घरांत जाऊ नका, तिथं माणसं राहतात. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये लागली तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा पाहायला आपल्याकडूनही गाड्या भरून लोक गेले होते, आठवत असेल. आंबोली उतरली की पहिली फेरी आकेरीला. पोहांगची आणखी एक ओळख मालिकेत दिसत नाही. १९६८ मध्ये तिथं पोलाद कंपनी उभी राहिली आणि मासेमारीचं बंदर उद्योगनगरी झालं. गोंगजिन कल्पनेतलं शांत गाव आहे. ज्या मातीत ते उभं केलं, तिथं पिढ्यान्‌पिढ्या लोक पाळीवर कामाला जातात.

आता दू-शिककडे. शेवटचे भाग पाहिले नसतील त्यांनी इथं थांबलं तरी चालेल.

दू-शिक सोलमध्ये लोकांच्या पैशाचा व्यवहार करायचा, गुंतवणूक कंपनीत. बाजार कोसळला. त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे घातलेल्या एका सुरक्षारक्षकाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं आणि त्याच धावपळीत मोठ्या भावासारखा सहकारी अपघातात गेला. दू-शिक पुलावर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात फोनवर गाम-रीचा निरोप आला, नेहमीचाच, म्हाताऱ्या माणसाचा, खाण्यापिण्याची चौकशी करणारा. तो गावी परतला आणि दार लावून बसला. गाव त्याच्या दारात यायला लागलं. एकेक जण. हातात डबा आणि तोंडी काहीतरी काम. हे बिघडलंय, ते बघून देतोस का. कोणी विचारलं नाही काय झालं. त्या मोडक्या वस्तूंतूनच हाँग बानजांग उभा राहिला.

हे पाहताना मी मालिका थांबवली होती. आमच्या गल्लीत एक जॉबर काका होते. माग बिघडला की चार कारखान्यांतून त्यांनाच बोलावणं यायचं. आवाज ऐकून सांगायचे, धोटा कुठं अडतोय. काकी गेल्या आणि त्यांनी कारखान्याला जाणं सोडलं. ओट्यावर बसून असायचे, अंगात बनियन, समोर काही नाही. एका संध्याकाळी आईनं माझ्या हातात इस्त्री दिली. म्हणाली, "काकांना दाखवून ये जा. तापंना झालीया म्हण." मी म्हटलं, "आत्ताच तर तू कपड्यांना इस्त्री केलीस की." आई म्हणाली, "तू जा. आन्‌ पैसे किती म्हणतील तेवढे दे. नको म्हणू नको."

काकांनी इस्त्री उलटी केली. पाना हुडकायला आत गेले, खूप वेळानं आले. दोन स्क्रू काढले, वायर बोटानं चाचपली, फुंकर मारली, स्क्रू परत आवळले. इस्त्रीत काही नव्हतं हे त्यांना पहिल्या नजरेलाच कळलं असणार. तरी म्हणाले, "दोन रुपये दे." मी दिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी मिक्सर घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात कोणाची तरी शिलाई मशीन.

म्हणून दू-शिकचं किमान वेतन मला आता समजतं. फुकट केलं असतं तर गावानं त्याला सांभाळल्यासारखं झालं असतं. जास्त घेतलं असतं तर तो पुन्हा पैशाच्या व्यवहारात गेला असता. ८,७२० वॉन हा असा आकडा, ज्यात देणाऱ्याचा मान राहतो आणि घेणाऱ्याचाही.

हे-जिनला हे शिकायला सोळा भाग लागतात. आपली दुःखं लपवणाऱ्या या माणसाकडं ती आधी उत्तरं मागते, जणू येणं वसूल करतेय. मग एका टप्प्यावर ती मागणं थांबवते आणि त्याच्याशेजारी बसून राहते. लग्नाची मागणी दोघं एकमेकांना एकाच वेळी घालतात. मला मात्र त्याहून जास्त लक्षात राहिलं ते त्याआधीचं. गाम-री झोपेतच जाते, सोबतीला झोपायला आलेल्या मैत्रिणींच्या शेजारी. दू-शिक रडत नाही. कामं करतो, पाहुण्यांना वाढतो, जेवणावळ सांभाळतो. नंतर तिनं त्याच्यासाठी ठेवलेलं पत्र सापडतं आणि ते वाचताना तो मोडून पडतो. त्या म्हातारीचा नळ त्यानं किती वेळा दुरुस्त केला असेल, तासांचे पैसे हिशेबानं घेतले असतील.

मी काकांना दिलेली दोन रुपयांची नाणी, पुढं कधीतरी आईनं सांगितलं, त्यांनी देवघरातल्या डब्यात टाकली होती. गल्लीतल्या सगळ्यांचीच.

पुढच्या भागात जेजू बेट, आणि श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या बायका.