नापासाची नोंद आणि वैमानिकाची मुलाखत

कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरच्या आसपासच्या गांवांत सकाळ-संध्याकाळ दूध घालण्यासाठीं रांग लागते. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काढतात, त्याचें फॅट मोजतात आणि आलेला आंकडा ज्याच्या त्याच्या नांवापुढें मांडतात. एखादे दिवशीं आंकडा उतरतो. चारा बदललेला असतो, जनावर आजारी असतें. त्या दिवशीं दर कमी मिळतो. परंतु त्यासाठीं कोणी कोणास लबाड म्हणत नाहीं. तोच आंकडा वर दिसावा म्हणून कोणी दुधांत भलतें कांहीं मिसळलें, तर मात्र नुसता दर जात नाहीं, पत जाते. उणेपणा निराळा आणि लबाडी निराळी, हें तेथें कोणास शिकवावें लागत नाहीं.

वारणेच्या खोऱ्यास नोंदींचें महत्त्वही नवें नाहीं. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोंवतीं हें नगर वाढलें. १९९८ सालीं येथील सुमारें सत्तर गांवें संगणकांनीं जोडण्याचा प्रकल्प सरकारनें हातीं घेतला, तेव्हां शेतकऱ्याच्या उसाची नोंद आणि वजन त्यास गांवांतच पाहावयास मिळावें, हा त्याचा एक मुख्य हेतु होता. अशा घरांतील मुलांमुलींना आतां आकाशाचीही वाट मोकळी झाली आहे. कोल्हापुरास १९३९ सालापासून विमानतळ आहे. पुढें बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणीं विमानचालन शिकविणाऱ्या संस्था निघाल्या. या वाटेवर एक प्रश्न हटकून आडवा येतो, आणि दुधाच्या रांगेंत सोपा वाटणारा तो भेद तेथें भल्याभल्यांस अवघड जातो. उड्डाणाच्या परीक्षेंत एकदां अपयश आलें असेल, तर नोकरीच्या मुलाखतींत तें सांगावें कीं झांकावें?

उत्तरापूर्वीं ही परीक्षा म्हणजे काय, हें पाहणें इष्ट होईल. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यास भारतांत किमान दोनशें तासांचें उड्डाण लागतें. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षांत शेंकडा ७० गुण मिळवावे लागतात. याशिवाय परीक्षकास शेजारीं बसवून प्रत्यक्ष विमान चालवून दाखवावें लागतें, दिवसा आणि रात्रींही. शाळेच्या परीक्षेंत एका विषयाची तूट दुसऱ्या विषयांत भरून निघते. येथें तसें होत नाहीं. बाकी सर्व उत्तम झालें, पण उतरतांना वेग मर्यादेपलीकडे राहिला, तर तेवढ्यावरही परीक्षा हुकूं शकते. मग उणीव राहिलेल्या भागाचा शिक्षकाकडून पुन्हां सराव करून परीक्षा पुन्हां द्यावयाची, हा या विद्येचा रिवाजच आहे. शिवाय नोकरी लागल्यावरही परीक्षा संपत नाहींत. विमान कंपनींतील वैमानिकाचें कौशल्य दर सहा महिन्यांनीं तपासलें जातें. ज्या धंद्यांत मनुष्य निवृत्त होईपर्यंत परीक्षार्थी असतो, तेथें एखादें अपयश ही अघटित गोष्ट नव्हे.

तरीही तें लपविण्याचा मोह होतो, आणि त्याचें कारण समजण्यासारखें आहे. मुलाच्या शिक्षणासाठीं घरानें कर्ज काढलेलें असतें. कोठें शेतीचा तुकडाही गहाण पडलेला असतो. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. अर्जांत ‘कोणत्याही परीक्षेंत अनुत्तीर्ण झालां होतां काय?’ असा रकाना दिसतांच हात थबकतो. एक शब्द खोटा लिहिला तर बिघडलें कोठें, असें जवळचेंच कोणी सुचवितें.

काय बिघडतें, याचीं उत्तरें अलीकडच्या इतिहासांत आहेत. १२ फेब्रुवारी २००९ रोजीं अमेरिकेंत बफलो शहराजवळ कोल्गन कंपनीचें एक प्रवासी विमान कोसळलें. विमानांतील ४९ आणि जमिनीवरील एक, अशीं ५० माणसें दगावलीं. विमानाचा वेग घटून धोक्याचा इशारा झाला असतां कप्तानानें विमानाचें नाक खालीं करण्याऐवजीं वर ओढलें, हें अपघाताचें कारण तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें दिलें. त्याच चौकशींत असेंही दिसून आलें कीं, हा कप्तान परवान्यांच्या उड्डाण-परीक्षांत तीनदां अनुत्तीर्ण झाला होता आणि नोकरीच्या अर्जांत त्यानें त्यांपैकीं एकच अपयश सांगितलें होतें. त्या अपयशांमुळेंच अपघात झाला, असें मंडळानें म्हटलें नाहीं. परंतु या मनुष्यास कोणता सराव अधिक द्यावा, याचा विचार करण्याची संधि मात्र कंपनीस मिळाली नाहीं.

दुसरें उदाहरण २३ फेब्रुवारी २०१९ चें. ह्यूस्टनजवळ ॲटलस कंपनीचें मालवाहू विमान एका उपसागरांत कोसळून तिघांचा अंत झाला. विमान हातीं असलेल्या सहवैमानिकानें पूर्वीच्या दोन नोकऱ्यांचा उल्लेख अर्जांतून गाळला होता. त्या दोन्ही ठिकाणीं त्याचें प्रशिक्षण पुरें झालें नव्हतें. त्यानें आपल्या उणिवा हेतुपुरस्सर दडविल्या, असा स्पष्ट ठपका मंडळानें २०२० सालीं ठेवला. वैमानिकांच्या नोंदी एकत्र ठेवण्याची व्यवस्था करावी, असा कायदा बफलोच्या अपघातानंतर २०१० सालीं झाला होता. तिचे नियम मात्र २०२१ सालीं निघाले. या दिरंगाईबद्दल मंडळानें सरकारी खात्यासही दोष दिला.

याच जातीचा एक प्रकार महाराष्ट्राच्या शेजारीं गोव्यांतही घडला. तेथें उड्डाणाची नव्हे, तर लेखी परीक्षा हुकली होती. जानेवारी २०११ मध्यें गोव्याच्या विमानतळावर एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरलें. मागचीं मुख्य चाकें आधीं टेंकावीं, हा उतरण्याचा प्राथमिक नियम. चौकशी सुरू झाली. कागद उलगडतां उलगडतां, वरच्या दर्जाच्या परवान्यासाठीं कप्तानानें दिलेली गुणपत्रिकाच बनावट असल्याचें नागरी विमानचालन महासंचालनालयास आढळलें. मार्च महिन्यांत अटक झाली, इतर वैमानिकांच्या परवान्यांचीही छाननी करण्यांत आली आणि आणखी कांहीं जण पकडले गेले. अनुत्तीर्ण विषयाची परीक्षा पुन्हां देतां आली असती. खोट्या कागदास मात्र पुनर्परीक्षा नसते.

यावरून मुलाखत घेणारे नेमकें काय पाहतात, तें ध्यानांत येईल. वैमानिकानें आपली चूक आपण होऊन कळवावी, या एका संवयीवर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. उड्डाणांत कांटा चुकीचा वाचला, उंची चुकली, तर शेजारच्या सहकाऱ्यास तत्क्षणीं सांगावें लागतें. जो जमिनीवर, शांतपणें खुर्चींत बसला असतां जुनें अपयश झांकतो, तो अंधाऱ्या ढगांत ताजी चूक उघड करील, असा भरंवसा कोणीं कां धरावा?

सांगावयाचें तें कसें सांगावें, यालाही रीत आहे. प्रथम प्रश्नाचे शब्द नीट वाचावे. परवान्याच्या परीक्षाच विचारल्या आहेत कीं शिक्षणक्रमांतील मधल्या चाचण्याही, हें पाहावें. संशय असल्यास विचारून घ्यावें. हवामान बिघडल्यानें अर्ध्यावर थांबलेली परीक्षा म्हणजे नापासी नव्हे. तिची नोंद तशीच द्यावी. मग चार गोष्टी थोडक्यांत सांगाव्या: काय हुकलें, कां हुकलें, त्यावर काय केलें आणि पुढें काय झालें. ‘रात्रीच्या परीक्षेंत उतरतांना माझा वेग अधिक राहिला. शेवटच्या टप्प्यांत मी कांट्याकडे उशिरां पाहत होतों. शिक्षकांबरोबर तेवढाच भाग पुन्हां केला आणि दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालों.’ इतकें पुरे. परीक्षक कठोर होता, विमान जुनें होतें, वारा आडवा होता, ही यादी खरी असली तरी ऐकणाऱ्यास ती दुसऱ्यावर दोष ढकलण्यासारखीच वाटते.

खरें बोलल्यानें नोकरी मिळेलच, असें मात्र कोणी वचन देऊं नये. एखाद दुसरें अपयश बहुधा निभावतें. तीच चूक पुन्हां पुन्हां झाली असेल, तर नकारही येऊं शकतो, आणि तो सोसावा लागतो. पण त्या नकारानंतर दुसरें दार ठोठावतां येतें. खोट्यावर मिळालेली नोकरी प्रत्येक बढतीच्या आणि प्रत्येक नव्या अर्जाच्या वेळीं पुन्हां धोक्यांत येते. उलटपक्षीं कंपन्यांचेंही कर्तव्य आहेच. प्रांजळ उमेदवारास पहिल्याच वाक्यावर बाहेरची वाट दाखविली, तर पुढचे दहाजण मौन शिकतील, आणि त्या मौनाची किंमत प्रवासी देतील.

म्हणून या प्रश्नाचा निकाल मुलाखतीच्या खोलींत लागत नाहीं. तो आधीं घरांत लागतो. परीक्षा हुकलेला मुलगा रात्रीं घरीं फोन करतो, तेव्हां त्यास पहिलें उत्तर काय मिळतें, यावर पुष्कळ कांहीं ठरतें. ‘हें कोणास सांगूं नकोस’ असें तें असेल, तर लपविण्याचा धडा त्यास तेथेंच मिळाला. ‘काय चुकलें, तें पुन्हां नीट शीक’ असें असेल, तर पुढें त्या रकान्यासमोर त्याचा हात थबकणार नाहीं. दूध घालणारा शेतकरी उतरलेला आंकडा चिठ्ठीवर घेऊन घरीं जातो, जनावराचा चारा पाहतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याच रांगेंत उभा राहतो. वैमानिकाच्या घरानेंही तेवढेंच करावयाचें आहे.