नव्वद सेकंदांतली निवड

ओटीटी सेवेवर, म्हणजे इंटरनेटद्वारे थेट घरच्या पडद्यावर चित्रपट पुरवणाऱ्या मंचावर, पाहण्याजोगा चित्रपट शोधणे हे वरवर फावल्या वेळेचे काम वाटते. परंतु नेटफ्लिक्सच्या कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातील एक आकडा या कामाकडे गांभीर्याने पाहायला लावतो. सर्वसाधारण सभासद १० ते २० शीर्षकांवरून नजर फिरवतो आणि ६० ते ९० सेकंदांत त्याचा शोधातला रस ओसरतो, असे ते नोंदवतात. पाहिल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे ८० टक्के शिफारशींतून आणि उरलेले शोधपेटीतून येतात, हेही त्याच निबंधात आहे.

शिफारस म्हणजे प्रेक्षकाने आधी काय पाहिले आणि काय अर्धवट सोडले यावरून संगणकाने बांधलेला अंदाज. पडद्यावरील चित्रपटांच्या ओळी आणि त्यांचा क्रम त्यावरून ठरतो, इतकेच नव्हे तर चित्रपटाचे मुखचित्रही माणसागणिक बदलते. कंपनीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या उदाहरणानुसार, प्रेमकथा पाहणाऱ्याला ‘गुड विल हंटिंग’च्या चित्रात मॅट डेमन आणि मिनी ड्रायव्हर दिसावेत, तर विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्स. वस्तुतः तो चित्रपट ना निव्वळ प्रेमकथा आहे, ना विनोदी. म्हणजे प्रेक्षकाला त्याच्याच जुन्या सवयीचे प्रतिबिंब दाखवून आत ओढले जाते, आणि ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

या व्यवस्थेत सर्वाधिक अन्याय होतो तो संथ लयीच्या चित्रपटांवर. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गायन शिकणारा शरद रात्रीच्या मोकळ्या मुंबईत मोटारसायकलवरून जात असतो, कानात माई या ज्येष्ठ गायिकेच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण असते आणि दृश्याची गती मुद्दाम मंदावलेली असते. साधनेतले अपयश वर्षानुवर्षे सोसणाऱ्या माणसाची ही कथा ९० सेकंदांच्या निवडीत कशी टिकावी? तिच्यासाठी प्रेक्षकाने आधीपासून नाव मनात धरून यावे लागते.

पूर्वी हे नाव पुरवण्याचे काम चित्रपट-रसिकांच्या संस्था करीत असत. १९४७ साली सत्यजित राय व चिदानंद दासगुप्ता यांनी स्थापन केलेली कलकत्ता फिल्म सोसायटी किंवा १९६८ पासूनचे मुंबईचे प्रभात चित्र मंडळ यांच्यामागे कोणीतरी चित्रपट आधी पाहून, तोलून, सभासदांपुढे ठेवण्याची जबाबदारी घेतलेली असे. ‘मुबी’ या मंचानेही अनेक वर्षे एका वेळी केवळ ३० चित्रपट ठेवले, रोज एक नवा येई आणि एक जुना जाई. माणसाने केलेल्या त्या निवडीत अंदाजापेक्षा मताला स्थान होते, आणि मत असलेली शिफारसच चुकली तरी काही शिकवते.

म्हणून वाचकांनी मंच उघडण्यापूर्वी कागदावर चार दिग्दर्शकांची नावे लिहावीत, नेटफ्लिक्सने २०२० पासून दिलेली सोय वापरून आपोआप सुरू होणाऱ्या झलकी बंद कराव्यात, आणि पहिल्या पानावर न रेंगाळता ती नावे थेट शोधपेटीत टंकावीत. निवडलेल्या चित्रपटाला किमान अर्धा तास द्यावा.