थंडीत चूल का धुमसते?

नोव्हेंबर सरत आला की हैदराबादकडच्या पठारावर पहाटे चांगलाच गारवा सुटतो. उत्तरेस आदिलाबादकडे तर हातपाय गारठतात. घरोघरी गॅस आला आहे हे खरे. परंतु आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, भाकरी आणि बाळंतिणीचा शेक यांसाठी चूल, बंब व शेगडी अजून पेटतातच. नेमक्या याच दिवसांत तक्रार ऐकू येते की, चूल एरवी बरी चालत होती, आता सारा धूर घरातच येतो. अशा वेळी चूल मोडून नवी घालण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष चुलीच्या बांधणीत नसून हवेच्या वाटेत असतो. ती वाट कशी तपासावी ते आज क्रमाने पाहू.

धुराड्याच्या चुलीशी हैदराबादचे जुने नाते आहे. येथील हैदराबाद इंजिनीअरिंग रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेतील अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची एक बंदिस्त चूल तयार केली. जाळ एका तोंडाशी करायचा, त्याची धग आतल्या बोगद्यातून एकामागून एक भांड्यांखालून जायची आणि उरलेला धूर धुराड्यातून छपरावर निघायचा, अशी तिची रचना. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'हर्ल चूल' म्हणू लागले. राजूंचे 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' हे पुस्तक १९५३ साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने प्रसिद्ध केले. वर्ध्याच्या मगनवाडीतील 'मगन चूल' हीदेखील याच जातीची. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला; तो २००२ साली बंद झाला.

या चुली पुष्कळ ठिकाणी टिकल्या नाहीत. ओडिशातील खेड्यांत एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी धुराड्याच्या चुलींचा चार वर्षे अभ्यास केला व २०१२ साली तो मांडला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा राहिला नाही. चूल नेमाने वापरली गेली नाही आणि तिची डागडुजीही झाली नाही, हे त्याचे मोठे कारण. म्हणजे चूल घालून काम संपत नाही. विहिरीच्या मोटारीप्रमाणे तिलाही निगा लागते.

चूल ओढते कशी, हे आधी समजून घेऊ. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते. तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते व जाळाला मिळते. ही ओढ कोठेही अडली की धूर मागे फिरतो. आता दोष एकेक पाहू.

१. पेटवतानाच धूर घरात येतो. रात्रभरात धुराडे गार पडते व त्यात थंड, जड हवा बसते. तिला आधी हलवावे लागते. धुराड्याजवळच्या शेवटच्या वैलात मूठभर कोरडे पाचट किंवा कागद जाळावा. धुराडे तापून ओढू लागले की मग तोंडाशी जाळ करावा.

२. सर्पण धुमसते, जाळ धरत नाही. तुराट्या व पऱ्हाट्या अंगणात उघड्यावर असतात आणि रात्रीच्या दवाने ओल्या होतात. ओल्या सर्पणाची बरीच धग पाणी आटवण्यातच जाते आणि काजळीही जास्त धरते. उद्याचे सर्पण आज संध्याकाळीच आडोशाला, जमिनीपासून थोडे उंच ठेवावे. गोवरी मोडून पाहावी. आत ओलसर असेल तर ती परत उन्हात टाकावी.

३. जाळ आहे, पण भांड्याच्या कडेने धूर येतो. वैलाचे तोंड मोठे आणि भांडे लहान असले तर फटीतून गार हवा आत शिरते व ओढ मोडते. भांडे वैलावर घट्ट बसले पाहिजे. रिकामा वैल झाकणाने बंद करावा. चुलीला भेगा पडल्या असतील तर माती, शेण व बारीक भुसा मळून त्या लिंपाव्यात.

४. जाळ तोंडाबाहेर येतो. चुलीत लाकडे कोंबली आहेत, किंवा राख साठून हवेची वाट बुजली आहे. राख रोज सकाळी काढावी. तोंडाचा वरचा भाग हवेसाठी मोकळा राहील इतकेच सर्पण घालावे.

५. हे सर्व करूनही धूर येतो. तर मग धुराडे काजळीने भरले आहे असे समजावे. चूल पूर्ण गार झाल्यावर लांब काठीला गोणपाटाची चिंधी बांधून नळी वरून खाली साफ करावी व खाली पडलेली काजळी काढून टाकावी. थंडीत चूल जास्त वेळ जळते, म्हणून हे काम महिन्यातून एकदा तरी व्हावे. साठलेली काजळी पेट घेते आणि गवती छपराला त्याचा मोठा धोका असतो. जुने धुराडे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असेल तर ते कापू वा घासू नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. अशी नळी सबंधच बदलावी.

६. वारा सुटला की धूर उलटतो. धुराड्याचे टोक छपराच्या माथ्यापेक्षा दोन-तीन फूट वर हवे. शेजारी नवी माडी उठली किंवा झाड वाढले तरी वारा अडून खाली वळतो. पावसासाठी बसवलेली टोपी नळीच्या तोंडाला चिकटलेली नसावी.

७. सर्पण भराभर संपते, भाकरी मात्र होत नाही. येथे ओढ जास्त आहे. धुराड्याची झडप थोडी लोटावी. निखारे जिवंत असताना झडप कधीही पूर्ण बंद करू नये.

बंबालाही हेच नियम लागू आहेत. मधली नळी काजळीने अरुंद झाली आणि जाळी राखेने बुजली की बंब धुमसतो. बंब नेहमी उघड्यावर पेटवावा, बंद न्हाणीघरात नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गारठा वाढला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो आणि झरोक्यात चिंध्या कोंबतो. मग धुराड्याने ओढायला हवाच राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे म्हातारी माणसे व तान्ह्या बाळासाठी निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून आपण झोपतो. लाल निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. परंतु त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. निखाऱ्यांवर राख पसरली तरी वायू निघतच राहतो. खोलीत पाण्याचे भांडे ठेवल्याने तो शोषला जात नाही. गॅसचा गिझर असलेल्या बंद न्हाणीघरातही हाच धोका असतो.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ आणि अंगात त्राण नसणे ही त्याची लक्षणे. एकाच खोलीतील दोघांतिघांना एकदम असे होऊ लागले तर पित्त किंवा ताप समजून झोपून राहू नये. दार उघडावे, सर्वांना ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि 'शेगडी पेटलेली होती' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा रोग्याला प्राणवायू लागतो.

नाताळच्या रात्री मिस्सेहून परतल्यावर पाहुण्यांसह एकाच खोलीत दाटीने झोपणे होते. त्या रात्री शेगडीवर हात शेकावेत, पण ती अंगणातच असावी. आत नेलेच तर खोलीची हवा खेळती ठेवावी आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर नेऊन निखारे पाण्याने विझवावेत. उबेला गोधडी आहे, घोंगडी आहे, गरम पाण्याची पिशवी आहे.

येत्या रविवारी दुपारी चूल गार झाली की घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः धुराड्याची काजळी काढावी. धूर घरातील बाई खाते, म्हणून ते काम एकट्या तिच्यावर सोडू नये.