तांबड्या वाइनचें उघडें कपाट

ज्या घरांत रोज पूजा होते, त्या घरच्या वृद्धानें वाइनची पारख व जपणूक यांवर लेख लिहावा, हें पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळावर आठी चढेल. ती चढणें रास्तच आहे. आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जी वस्तु सुशिक्षित कुटुंबांत शिरली आहे, तिच्याकडे डोळेझांक केल्यानें ती घराबाहेर जात नाहीं. ती फक्त माळ्यावर जाते. आमच्या घरीं तसेंच झालें.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत सत्यनारायणासाठीं तांब्याचें घंगाळ काढावयास माळा उघडला, तों घंगाळामागें जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली एक बाटली सांपडली. धाकट्या चिरंजीवानें मान खालीं घालून कबुली दिली. बारा वर्षांपूर्वीं लग्नांत मित्रांनीं ती तांबडी वाइन भेट दिली होती. वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, असें ऐकून त्यानें ती दहाव्या लग्नदिवसासाठीं राखली, आणि तो दिवस आला तेव्हां बाटली खालीं काढण्याचें धैर्य झालें नाहीं. आतां उघडून पाहिली, तर बुचाचा भुगा झालेला, रंग विटकरी आणि वास शिरक्याचा. सगळे हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

आमचे एक चुलतबंधु होते. मोठे हुशार गृहस्थ. पण पन्नाशीच्या आंतच यकृताच्या विकारानें गेले. ते पितात हें त्यांच्या घरांत सात वर्षें कोणास ठाऊक नव्हतें, कारण बाटली नेहमीं लपलेली असे. म्हणून माळ्यावरचा तो प्रकार पाहून आम्हांस जें भय वाटलें, तें बाटलीपेक्षां फडक्याचें अधिक होतें.

"अप्पा, तुम्हांला सांगायचा धीर झाला नाहीं," चिरंजीव म्हणाला.

"अरे, मग ती आनंदाची बाटली कसली? धाकाची झाली," आम्हीं म्हटलें.

निकाल दिला तो आमच्या कुटुंबानें. "घरांत ठेवायचीच असेल तर लोणच्यासारखी ठेवा. केव्हां आणली, किती उरली, तें सगळ्यांना दिसलें पाहिजे." हा निकाल सर्वांस मान्य झाला. परंतु ज्या वस्तूचा हिशेब ठेवावयाचा ती वस्तु आधीं समजली पाहिजे. आमचा एक भाचा नाशकास वाइनच्या कारखान्यांत प्रयोगशाळेंत कामास आहे. त्याच वर्षीं माघांत आम्ही त्याच्याकडे गेलों.

माघ हा तेथें सुगीचा काळ. युरोपांत द्राक्षांची तोडणी शरदांत होते. नाशकास वेलांची छाटणी वर्षांतून दोनदां, एकदां एप्रिलच्या सुमारास व एकदां पावसाळा सरतांना, करून जानेवारी ते मार्चमध्यें फळ हातीं घेतात. आपल्याकडे हा उद्योग तसा नवा आहे. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांवास श्यामराव चौगुले यांनीं त्याचा पाया घातला. २००० सालीं नाशकास राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन निघाली. २००१ सालीं राज्य सरकारनें या उद्योगासाठीं स्वतंत्र धोरण आंखलें.

मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या, पण पाणिनि घोकलेल्या आम्हांस ही वस्तु अगदींच परकी वाटली नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून कापिशायन, हारहूरक अशीं त्याचीं नांवें प्रदेशावरून दिलीं आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेस, आजच्या बेग्रामनजीकची नगरी. तिच्यावरून शब्द साधण्यास पाणिनीनें निराळें सूत्र केलें आहे. फ्रेंच लोक बोर्दो गांवच्या नांवानें वाइन विकतात, त्यांत नवें तें काय?

काळ्या द्राक्षाचा रस बहुधा काळा किंवा तांबडा नसतो, हें भाच्यानें आम्हांस प्रथम दाखविलें. दाणा चिरडला तर आंतून फिकट पाणीच निघतें. रंग असतो सालींत. तांबड्या वाइनसाठीं रस सालींसकट आंबवितात. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन तिचें अल्कोहोल व कर्बवायु करतात, आणि त्या अवधींत रंग व तुरटपणा सालींतून रसांत उतरतो. हा तुरटपणा टॅनिन या द्रव्याचा.

मग त्यानें हातीं एक पेला दिला आणि शेजारीं एक भांडें ठेवलें. "मामा, हें थुंकण्यासाठीं. पारखणारे पीत नाहींत." चाखणें आणि पिणें या दोन निराळ्या क्रिया आहेत, हें ऐकून आमचा संकोच गेला. चूळ भरावी तसा घोट तोंडांत फिरवून आम्हीं तो भांड्यांत टाकला.

पारखण्याची रीत अशी. प्रथम पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा. कडेस जांभळी झांक असेल तर वाइन तरुण. विटकरी असेल तर वयस्क. नंतर वास घ्यावा, पेला हलकेच फिरवून पुन्हां घ्यावा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष. शिरक्याचा आला तर वाइन बिघडली. शेवटीं घोट. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ तुरटपणाची गणना रसांत न करतां स्पर्शांत करतात. आपल्या वैद्यांनीं मात्र कषाय हा सहा रसांपैकीं एक मानिला. ज्यानें जांभूळ खाल्लें आहे, त्याचा अर्धा धडा झालाच म्हणावयाचा. आंबट, तुरट आणि फळाची गोडी यांत एकानें दुसऱ्यास दाबलें नाहीं व घशाशीं जाळ झाला नाहीं, तर थोड्या पैशांची वाइनहि चांगली समजावी.

पण डोळे जिभेस फसवितात. २००१ सालीं बोर्दो येथील संशोधकांनीं चौपन्न विद्यार्थ्यांस पांढरी वाइन तांबडा रंग घालून दिली, तर त्यांनीं तिच्या वासाचें वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलें! १९७६ सालीं पॅरिसमध्यें नांवें झांकून घेतलेल्या परीक्षेंत फ्रेंच परीक्षकांनींच कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला. हें ऐकून आमच्या थोरल्या सूनबाईंनीं सहाशें, नऊशें व अठराशें रुपयांच्या तीन बाटल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यांवर आंकडे घातले. दोन्ही चिरंजीव व दोघी सुना परीक्षक, आम्ही पंच. चौघांपैकीं तिघांनीं सहाशांची निवडली. महाग तें वाईट, असा याचा अर्थ नव्हे. चिठ्ठी पाहून चव ठरवूं नये, एवढाच बोध घ्यावा.

आतां जपणुकीविषयीं. जुनी तितकी उत्तम हा नियम फार थोड्या, मुद्दाम तशा केलेल्या वाइनना लागू आहे. साधारण किंमतीच्या बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत संपविण्याकरितांच भरलेल्या असतात. वाइनचे शत्रु तीन: उष्मा, उजेड आणि उष्णमानाची चढउतार. बारा ते पंधरा अंशांचा स्थिर गारवा तिला मानवतो. स्वयंपाकघरावरचा माळा वैशाखांत तिचा घात करतो. म्हणून आम्हीं तळमजल्याच्या जाड भिंतींतलें, ऊन न लागणारें कपाट निवडलें. कार्तिकांत थोड्या बाटल्या आणावयाच्या आणि चैत्र लागण्यापूर्वीं कपाट रिकामें करावयाचें, असा परिपाठ ठेविला. लांकडी बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलें राहतें. फिरकीच्या झांकणाची उभी ठेविली तरी चालते. तांबडी वाइन खोलीच्या उष्णमानावर द्यावी असें पुस्तकांत लिहितात, पण ती खोली थंड देशांतली, सोळा ते अठरा अंशांची! आपण बाटली अर्धा तास फ्रिजमध्यें ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येंच ठेवावी; तीन-चार दिवसांनंतर उरेल ती ओतून द्यावी. पैसे वाया जाऊं नयेत म्हणून पिणें हा सर्वांत महाग सौदा होय.

कपाटाच्या दाराला आंतून एक तक्ता लाविला आहे: नांव, सुगीचें वर्ष, किंमत, आणल्याची तारीख, उघडल्याची तारीख, कोणी घेतली, अभिप्राय. किल्ली आमच्या कुटुंबाकडे. तक्ता वाचण्याचा अधिकार घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास. एकट्यानें बाटली उघडावयाची नाहीं. जिच्या पोटीं मूल आहे तिनें व मुलांनीं स्पर्शहि करावयाचा नाहीं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें लागणारा परवाना दोन्ही चिरंजीवांनीं काढला आहे. आणि तांबडी वाइन हृदयास हितकर, हें निमित्त आमच्या घरीं चालत नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे. घ्यावयाची तर चवीसाठीं, थोडी, सर्वांसमक्ष; न घेणें हें केव्हांहि अधिक चांगलें.

गेल्या मोसमांत आठ बाटल्या आल्या, सात उघडल्या, एक व्याह्यांस भेट दिली. मोसम संपल्यावर आम्ही तक्ता उतरवून वाचीत बसलों होतों. पौषाच्या रकान्यांत धाकट्या चिरंजीवाच्या हातची एक ओळ दिसली: "या महिन्यांत तीन झाल्या. पुरे." त्याखालीं माघाचा रकाना कोरा होता. त्यास कोणीं कांहीं बोललें नव्हतें. तक्ता त्यानें स्वतःच वाचला होता.

चुलतबंधूंच्या घरीं असा एक कागद भिंतीवर असता तर ते वांचले असते, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण सात वर्षांत कोणीतरी तो वाचला असता.