परक्या व्यवसायांची हत्यारे आणि बोन्सायची छाटणी

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात जपानी पांढऱ्या पाइनचा एक वृक्ष आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत जोपासला जात आहे असे मानतात. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा तो स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरांवर एका भिंतीआड सुरक्षित राहिला. पुढे १९७६ साली मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेस भेट दिला. या प्रदीर्घ आयुष्यात त्याच्या अंगावर किती वेळा हत्यार चालले असेल याची गणती करता येणार नाही. पण दर वेळी झालेली जखम त्या वृक्षाला स्वतःच मिटवावी लागली, एवढे निश्चित. बोन्सायच्या हत्याराची पारख करावयाची ती या जखमेवरूनच.

जखम कशी मिटते?

प्राण्याची जखम नव्या पेशींनी भरून येते. झाडाची तशी येत नाही. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी १९७० नंतरच्या दशकात हा भेद स्पष्ट केला. जखमी लाकूड पूर्ववत होत नाही. झाड त्याच्याभोवती अडसर उभारून त्याला निरोगी लाकडापासून वेगळे पाडते. त्याच वेळी साल व लाकूड यांच्यामध्ये असलेल्या कँबियम नावाच्या पातळ थरातून नव्या पेशींची एक कडा निर्माण होते. या कडेला किण म्हणतात. तो चहूबाजूंनी सरकत जखमेवर पसरतो आणि अखेर तिला झाकून टाकतो.

फांदीचा खुंट मागे राहिला, तर किणाला तो ओलांडता येत नाही. खुंट वाळतो व कुजू लागतो. छेद खोडाशी अगदी सपाट घेतला, तर किण खोडाच्या पातळीवर उचलला जातो आणि त्या जागी कायमची गाठ दिसते. याकरिता बोन्सायमध्ये छेद किंचित खोलगट घेतात, म्हणजे किणाने खळगा भरून येतो व पृष्ठभाग समतल होतो. बागेतील मोठ्या वृक्षांना मात्र हा नियम लावू नये. तेथे फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखणेच हितकारक ठरते.

असा खोलगट छेद घेण्यासाठी जपानी कारागीर वक्र ओठांची खास पक्कड घडवितात. ती महाग असते व सर्वत्र मिळत नाही. त्यामुळे अनेक देशांतील हौशी जोपासकांनी इतर व्यवसायांच्या पेट्यांकडे दृष्टी वळविली.

कोणते हत्यार कशासाठी?

सुताराची खिळे उपटण्याची पक्कड समोरून चावते. म्हणून ती फांदीच्या बुडाशी नेता येते. परंतु तिच्या ओठांना बाहेरून उतार असतो, आणि त्या उताराच्या जाडीइतका खुंट मागे राहतो. हा उतार घासून धार अगदी बाहेरच्या पृष्ठावर आणली आणि ओठांना बाहेरून थोडी गोलाई दिली, की छेद खोलगट येऊ लागतो. नालबंदाची खुर कापण्याची पक्कड मुळातच धारदार असून तिचे दांडे लांब असतात. जाड मुळ्या व खुंट यांना ती उपयोगी पडते, लहान झाडाला अवजड होते. शस्त्रवैद्य हाडाचे कण कुरतडण्यासाठी जी पोकळ ओठांची पक्कड वापरतात, तिच्यातील काही प्रकारांना दुहेरी सांधा असतो. त्यामुळे थोड्या जोरात पुष्कळ दाब मिळतो आणि खुंट कणाकणाने काढता येतो. लाकडावर कोरीव काम करणाऱ्याची गोल पटाशी वाळलेल्या लाकडाला आकार देण्यास उत्तम. आणि वीजतंत्र्याची तार तोडण्याची पक्कड फांदीवरील तार न उलगडता तुकडे करून काढण्यास योग्य.

उलट, अडकित्त्याचे तत्त्व येथे घातक आहे. त्यात एकच पाते असते व ते वस्तूला दुसऱ्या बोथट बाजूवर दाबते. सुपारीला त्याने बाधा येत नाही. जिवंत फांदीची साल मात्र चेंगरते आणि तेथील कँबियम मरतो. या धर्तीवर केलेली छाटणीची कात्रीही म्हणूनच टाळावी.

घासताना घ्यावयाची काळजी

पोलादाची धार त्याच्या पाण्यावर टिकते, आणि उष्णतेने ते पाणी उतरते. फिरत्या चाकावर घासताना पोलादावर गवती पिवळा रंग आला, तर त्या जागेचे तापमान सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असे समजावे. निळा रंग सुमारे ३०० अंशांची खूण होय. निळी पडलेली कड पुष्कळदा मऊ होते व लवकर बोथटते. यास्तव घासताना हत्यार वारंवार पाण्यात बुडवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि शेवटची धार निसण्यावर हाताने द्यावी.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पकडीच्या कडेमागे ओठ आतून पोकळ असतात. प्रमाणाबाहेर घासल्यास दोन्ही कडा एकमेकींना भेटतच नाहीत, आणि मग ते हत्यार फांदी कापण्याऐवजी ओरबाडते. म्हणून मधून मधून पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. फटीतून प्रकाश दिसू लागताच थांबावे.

तयार झालेले हत्यार प्रथम टाकाऊ फांदीवर चालवावे आणि छेद भिंगाखाली पाहावा. सालीची कड सलग, लाकूड गुळगुळीत व तंतू न चेंगरलेले असतील, तरच ते जोपासलेल्या झाडाजवळ न्यावे. वड-पिंपळाचा चीक व पाइनची राळ पात्यावर साचू देऊ नये. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे व काम संपल्यावर तेलाचा हात द्यावा. ज्या पकडीने फांदी कापावयाची, तिने पुन्हा खिळा उपटू नये.

हत्यार कोणत्या व्यवसायातून आले हे झाडाला ठाऊक नसते. त्याच्या वाट्याला येते ती केवळ जखम. आणि ती स्वच्छ असली, तर झाड पुढील काम स्वतः करते.